चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी जुनी सात सीटर गाडी घ्यायची आहे: पेट्रोल की डिझेल?

कवळेकर७ | ९ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला, नोकरी पणजीला. घरात आम्ही सहा माणसं: आई, बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आताच्या छोट्या गाडीत मागे बसायचं तर त्यांना पाय पोटाशी घ्यावे लागतात, उतरताना दोघांनी धरावं लागतं. ते तक्रार करत नाहीत. पण यंदा मंगेशीच्या जत्रेला निघताना "तुम्ही जा, मी घरी थांबतो" म्हणाले. जत्रा चुकवणारा हा माणूस नव्हे. त्याच रात्री मी जुन्या सात सीटर गाड्या शोधायला लागलो.

बजेट साडेसात लाख, ट्रान्स्फर आणि विमा धरून. कामाला मी बहुतेक दिवस कदंबाच्या बसने जातो, त्यामुळे गाडी महिन्याला ६०० ते ७०० किमीच चालेल. त्यातलं निम्मं फोंड्यातल्या फोंड्यात: बाजार, शाळा, देऊळ. महिना-दीड महिन्यातून एकदा बाबांच्या तपासणीला बेळगाव, कधी चोर्ल्यातून तर कधी अनमोडवरून. चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणि सगळं घर घेऊन सत्तरीला मूळ घरी.

आतापर्यंत चार पाहिल्या. २०१७ ची एर्टिगा डिझेल, १ लाख १८ हजार किमी, सव्वासहा लाख. २०१९ ची एर्टिगा पेट्रोल, ५८ हजार किमी, साडेसात लाख. २०१६ ची लॉजी डिझेल, ११० पीएस (अश्वशक्ती) ताकदवाली, चार लाख. आणि २०२१ ची ट्रायबर, साडेपाच लाख. मित्र म्हणतात डिझेल घे, घाटात लागतं. मेहुणा म्हणतो पेट्रोल घे, डोक्याला ताप नाही. दोघंही खात्रीने बोलतात, पण कारण कुणीच नीट सांगत नाही. इथे कुणी सांगू शकेल का?

घाटवाट | ९ जून, रात्री १०:३५

डिझेल. दुसरा विचार करू नका.

माझी २०१४ ची एर्टिगा डिझेल आहे, २ लाख १० हजार किमी झाले, इंजिनचं झाकण अजून उघडलेलं नाही. केरीहून बेळगावला आठवड्यातून दोन फेऱ्या, मागे माल, वर पाऊस. २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेच, १७५० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे असतानाच) मिळतो. चोर्ल्यात तिसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढते. पेट्रोलवाले माझ्यापुढे दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत जातात. सात माणसं घेऊन घाट चढायचा असेल तर हा फरक कागदावरचा नाही, तो पायाला जाणवतो.

साखळी_गॅरेज | १० जून, सकाळी ७:१५

कवळेकरबाब, घाटवाट भाऊंची गाडी मी पाहिली आहे. ते म्हणतात ते शब्दन् शब्द खरं आहे. पण त्यांचं डिझेल इंजिन का टिकलं ते आधी समजून घ्या, मग तुमच्याकडे ते टिकेल का हे तुम्हालाच कळेल.

त्या गाडीत आहे ते १२४८ सीसीचं मल्टिजेट. मूळ फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांत हेच. म्हणून त्याचा पार्ट डिचोलीच्या दुकानातही मिळतो आणि त्याला हात लावणारा मेस्त्री गावोगाव आहे. जुनी गाडी घेताना ही फार मोठी गोष्ट आहे. त्याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या तालात ठेवणारा पट्टा) नाही, त्या जागी चेन आहे. पण त्या चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं तर चेन दोन लाख किमी काढते. एखाद्याने १० हजार किमीला बदलायचं ऑइल १८ हजार किमीपर्यंत ओढलं, तर ते घट्ट होतं, टेन्शनरपर्यंत दाब पोचत नाही आणि चेन सैल पडते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली की समजायचं.

दुसरी गोष्ट ईजीआर. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा तो व्हॉल्व्ह. इंजिन नीट तापलं आणि लांब चाललं तर फारशी काजळी धरत नाही. पण रोज दोन किमी बाजार, तीन किमी शाळा, इंजिन तापायच्या आधीच बंद, असं झालं की काजळी आणि ऑइलची वाफ मिळून आत डांबरासारखा थर बसतो. पिकअप जातो, काळा धूर येतो, डिझेल फवारणारे नोझल खराब होतात. घाटवाट भाऊंची गाडी एका दमात बेळगावला पळते, तिला हा आजार होतच नाही. फोंडा बाजारात फिरणाऱ्या गाडीला होतो. तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या ईजीआर सफाईच्या गाड्यांतल्या बहुतेक गावात फिरणाऱ्याच होत्या.

लॉजीचं १४६१ सीसीचं इंजिन डस्टरमध्ये आहे तेच, टेरानो, सनी, मायक्रा यांतही होतं. ताकद भरपूर, २४५ न्यूटन मीटर, सहा गिअर. तुमच्या चार गाड्यांत घाटाला सगळ्यात मोकळी तीच. पण तिला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरा आणि घेतल्या दिवशी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदम बदला. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिनच उघडावं लागतं. मॉडेल २०१५ ला आलं आणि पाच वर्षांत बंदही झालं. इंजिनाचे पार्ट मिळतील, पण मागचा दिवा किंवा दाराची काच लागली तर आठवडे वाट पाहावी लागते.

तुमच्या ६५० किमीसाठी माझं मत पेट्रोल. पण इंजिन निवडलं म्हणजे गाडी निवडली असं होत नाही, त्यावर उद्या लिहितो. आता शटर उघडायची वेळ झाली.

पेडणे_टू_काणकोण | १० जून, सकाळी ९:०२

वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे. साखळी_गॅरेज, तुम्ही वेळ काढून लिहिता त्याबद्दल मनापासून आभार.

सासष्टीकरीण | १० जून, दुपारी १:२०

कवळेकरदादा, ट्रायबर माझ्याकडे साडेचार वर्षं आहे, पेट्रोल, मॅन्युअल. खरं तेच लिहिते.

गाडी चार मीटरच्या आत आहे, मडगावच्या बाजारात लावायला त्रास नाही. तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, मग मागे ट्रंक, नारळ, काय हवं ते मावतं. मधली रांग मागेपुढे सरकते, त्यामुळे माझ्या सासूबाईंना पाय सोडून बसता येतं. एवढ्या वर्षांत इंजिनने मला एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही.

पण ते ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ७२ पीएस, टॉर्क ९६. चौघं असताना काही जाणवत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण काणकोणला गेलो, करमल घाटात एसी बंद करावा लागला आणि समोरच्या ट्रकला ओलांडायचा विचारही मी केला नाही. करमल घाट चोर्ल्याच्या मानाने लहान. तुम्ही सहा माणसं घेऊन दर महिन्याला घाट चढणार असाल तर एकदा भरलेली गाडी चढावर चालवून पाहा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून मी निर्णय घेतला होता. तुम्ही तसं करू नका.

कवळेकर७ | १० जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं लिहिणं वाचून ट्रायबर यादीतून काढली. बायको म्हणाली, ओव्हरटेक करताना तुमचा हात घट्ट होतो तो मला आवडत नाही, दमदार गाडी घ्या.

आज हिशेब मांडला. महिन्याला ६५० किमी. पेट्रोलला प्रत्यक्ष १३ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ५० लिटर, डिझेलला १८ चं धरलं तर ३६ लिटर. पेट्रोल ९७ आणि डिझेल ८९ धरलं तर ४,८५० आणि ३,२०४. महिन्याला साधारण साडेसोळाशे रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आसपास. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे बरंच कमी आहे. महाराष्ट्रातला भाऊ सांगतो ते गणित इथे लागू होत नाही, आपल्याकडे पेट्रोल तिकडच्यापेक्षा स्वस्त.

वीस हजारांत डिझेलची एक मोठी दुरुस्ती तरी बसते का?

साखळी_गॅरेज | १० जून, रात्री ११:००

चार नोझल उघडून दुरुस्त करायचे तर बसत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला तर दोन वर्षांची बचत गेली.

निळी_ओम्नी | ११ जून, सकाळी १०:४५

इको बघितली का कुणी? चर्चेत नावच नाही म्हणून लिहितो.

माझे वडील वास्कोला टॅक्सी चालवायचे, मारुती व्हॅन. त्या काळी दाबोळीच्या बाहेर जिकडे तिकडे ओम्नीच उभ्या असायच्या. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या सीटखाली. वडिलांच्या मांडीला उन्हाळ्यात चटके बसायचे, ते गोणपाट घालून बसायचे. पण सीट उचलली की सगळं इंजिन समोर! प्लग, बेल्ट, कार्ब्युरेटर ते स्वतः करायचे. आमचं शिक्षण त्या इंजिनावर झालं, त्यामुळे माझा त्याच्याकडे बघायचा डोळा वेगळा आहे हे मान्य. १९८४ पासून २०१९ पर्यंत ती गाडी बनत होती.

इको त्याच घराण्यातली, २०१० ला आली. १२०० सीसीच्या आतलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, त्यामुळे भरलेली असताना चढावर चाकं घसरत नाहीत. त्यात बिघडण्यासारखं फार कमी आहे. तीन-साडेतीन लाखांत चांगली मिळते.

कवळेकर७ | ११ जून, दुपारी २:३०

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बाबांना दाखवला. ते आणि त्यांचे मित्र अशाच व्हॅनने पंढरपूरला गेले होते, अर्धा तास तेच सांगत होते.

इको मात्र जमणार नाही. पायरी उंच पडते. आणि माझ्या बजेटमध्ये दाखवलेल्या सात सीटर दोन्ही बिनएसीच्या होत्या. जूनच्या दमटपणात काचा बंद करून सहा माणसं, मुलं रडतील.

बेळगावचा_पाहुणा | ११ जून, रात्री ९:१५

गोव्यात जुनी गाडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ ला पुन्हा कोल्हापूर, चिपळूणला पूर आला, तेव्हा हजारो गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन, सीट कव्हर नवे घालून विकल्या गेल्या. एमएच-०९, एमएच-१०, एमएच-०८ पाटीची गाडी स्वस्तात दिसली तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग चकचकीत असतो, शेवटच्या दोन हातांत मातीची रेघ दिसते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. गालिचा उचलून वास घ्या.

दुसरं, दिल्लीकडच्या डिझेल गाड्या. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आणली होती, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या गाड्या खाली आल्या आणि एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन इकडे विकल्या गेल्या. सगळ्याच वाईट नसतात. पण विकणाऱ्याला किंमत सोडवायची घाई असते आणि तुमच्यापर्यंत जुनी बिलं पोचत नाहीत.

साखळी_गॅरेज | १२ जून, सकाळी ६:५०

पाहुण्यांनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं लिहितो.

गोव्यात पुरापेक्षा मोठा धोका रेंट-अ-कॅबचा. काळी पाटी, पिवळी अक्षरं. चार-पाच वर्षं पर्यटकांनी चालवलेली गाडी पुढे खाजगी करून पांढरी पाटी लावून विकतात. हे कायदेशीर आहे, त्यात चोरी नाही. पण लपवणं ही चोरी. थंड इंजिनला पहिल्याच मिनिटाला रेटायचं, वाळूत रुतली की क्लच जाळायचा, खड्डा दिसला तरी ब्रेक नाही, कारण गाडी आपली नाही. अशा गाडीचं इंजिन कितीही नावाजलेलं असो, काही उपयोग नाही. आरसीवर आणि जुन्या विमा पॉलिसीवर वाहनाचा वर्ग बघा. मागच्या पॉलिसीत व्यावसायिक वापर लिहिला असेल तर कळतं. नंबर प्लेटमागे जास्तीची भोकं दिसतात का तेही बघा.

मग इंजिन. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्याने तापवून ठेवली आहे. थंड इंजिनचा पहिला आवाजच खरं बोलतो, तो त्याने पुसून टाकला. अशा वेळी चहा पिऊन, तासाभराने परत या.

स्टार्ट झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. आत पिवळट दह्यासारखं दिसलं तर कूलंट आणि ऑइल मिसळत असण्याची शक्यता असते. पण थांबा, पावसाळ्यात जी गाडी रोज तीनच किमी चालते तिच्या झाकणालाही दमटपणाने असा थर येतो. म्हणून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी ठीक असेल तर घाबरू नका. डिपस्टिकही दुधाळ असेल तर नमस्कार करून निघून या.

एअर फिल्टर उघडा. डिचोली, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यातल्या गाडीत लाल पूड मिळते. फिल्टरमध्ये मिळाली तर चालेल, तो त्यासाठीच आहे. फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मिळाली तर ती पूड सिलिंडरमध्ये गेलेली आहे, पिस्टनच्या रिंगा घासलेल्या असणार. समुद्राकाठच्या गाडीचं दुखणं वेगळं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पाकळ्या बोट लावताच झडतात, अर्थिंगच्या जागा हिरव्या पडतात. वायरिंगचे नाना चमत्कार असतात ना, त्यातले निम्मे त्या हिरव्या अर्थिंगचे.

पेट्रोल एर्टिगाबद्दल. नोव्हेंबर २०१८ पासूनच्या मॉडेलमध्ये १४६२ सीसीचं इंजिन, १०५ पीएस, १३८ न्यूटन मीटर. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये १३७३ सीसी, ९५ पीएस. दोन्हींना चेन. टर्बो नाही, महाग नोझल नाहीत. १३८ चा टॉर्क ४४०० आरपीएमला मिळतो, म्हणजे चोर्ल्यात दुसरा गिअर घालून इंजिन ओरडू द्यायचं. ओरडलं म्हणून त्याला काही होत नाही, ते तसंच बनवलेलं आहे. खालच्या आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये दाबून चढवणं मात्र वाईट, आपल्याकडे पेट्रोल वाचवायला लोक तेच करतात.

नव्या १४६२ सीसीच्या मॉडेलला जोड म्हणून छोटी हायब्रीड व्यवस्था (इंजिनाला विजेच्या मोटरची मदत) आहे, एसएचव्हीएस, त्यात दुसरी लिथियम-आयन बॅटरीही येते. तिचं मोटर जनरेटर युनिट तपासायला कंपनीने दोनदा गाड्या परत बोलावल्या. डिसेंबर २०१९ ला ६३,४९३ गाड्या आणि सप्टेंबर २०२१ ला १,८१,७५४. दुसऱ्या वेळी ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या काही पेट्रोल गाड्या होत्या, एर्टिगा त्यात आली. काम फुकट झालं. तुमच्या गाडीचं झालं का ते चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि तिथेच बसून सगळी सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. हे न करता बयाणा देऊ नका.

पर्वरीकर_बी | १२ जून, दुपारी १२:४०

पेट्रोल म्हणताय, पण ई२० चं काय? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि २०१९ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत त्याला चालतील असे रबराचे पाइप आणि सील वापरायला लागले. मला ही काळजी खरंच आहे. माझी स्वतःची २०१८ ची आहे.

साखळी_गॅरेज | १२ जून, रात्री १०:२०

काळजी रास्त आहे, बी भाऊ. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या पावसाळ्यात आठवडा-आठवडा अर्ध्या टाकीवर उभी राहणारी गाडी हा त्यातला वाईट प्रकार. टाकी शक्यतो भरलेली ठेवा, मग आत दमट हवेला जागा राहत नाही. सर्व्हिसला इंधनाचे रबरी पाइप बोटाने दाबून बघायला सांगा, मऊ पडले किंवा तडे गेले असतील तर बदला, फार खर्च नाही. एवढ्यासाठी मी कुणाला पेट्रोल सोडून जुनं डिझेल घ्या म्हणणार नाही.

घाटवाट | १३ जून, सकाळी ८:००

मी माझा पहिला प्रतिसाद परत वाचला. "दुसरा विचार करू नका" असं मी लिहायला नको होतं. माझं चालणं महिन्याला २,००० किमीच्या वर आहे, ते मी लिहिलंच नव्हतं. कवळेकरदादा, ६५० किमीला मी पण पेट्रोलच घेईन. ज्यांचं रोजचं लांबचं आहे त्यांनी मात्र डिझेलला घाबरू नये. ऑइल ७,५०० किमीला बदला, घाट चढून वर पोचलात की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, टर्बो त्या मिनिटाने वाचतो. मी आजवर एवढंच केलं आहे.

कवळेकर७ | १९ जून, रात्री ११:३०

मंडळी, तुम्ही मला मोठ्या फसवणुकीतून वाचवलंत. हात थरथरत होते, म्हणून आज शांतपणे लिहितो.

ती २०१९ ची पेट्रोल, ५८ हजार किमीवाली. आम्हाला सगळ्यांना आवडली होती, मुलांनी जागाही वाटून घेतल्या होत्या. विकणारा म्हणाला पहिला मालक, घरगुती वापर, उद्या दुसरा गिऱ्हाईक येतो आहे, आज बयाणा द्या. मी म्हटलं, आधी हिस्टरी काढतो. चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. २०२३ च्या सर्व्हिसला मीटर ९१ हजार. आज ५८ हजार. काटा मागे फिरवलेला. जुनी पॉलिसी मागितली तर आधी मिळत नाही म्हणाला, मग दाखवली, त्यात व्यावसायिक वापर. साखळीच्या काकांनी लिहिलं होतं तेच सगळं.

विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, योग्य ठिकाणी लेखी तक्रार दिली आहे. वाईट वाटलं ते पैशांचं नव्हे. बाबा त्या गाडीत बसून "यातून मी तुळजापूरलाही येईन" म्हणाले होते.

सासष्टीकरीण | २० जून, सकाळी ७:४०

दादा, गाडी गेली, पैसे नाही गेले. दुसरी मिळेल. चवथीला अजून वेळ आहे.

साखळी_गॅरेज | २० जून, सकाळी ७:५५

काका म्हणालात म्हणून हक्काने सांगतो, पुढची गाडी बघायला जाल तेव्हा मला फोन करा. साखळी ते फोंडा लांब नाही. पैसे घेणार नाही.

कवळेकर७ | ६ जुलै, रात्री ९:२०

गाडी घेतली.

डिसेंबर २०१८ ची एर्टिगा पेट्रोल, मॅन्युअल, ६४ हजार किमी, ७ लाख १० हजार. बार्देशातल्या एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल फाइलला लावून ठेवलं होतं, टायरमध्ये हवा भरली त्याच्या तारखासुद्धा वहीत. परत बोलावलेल्या गाड्यांमध्ये ती होती, मोटर जनरेटरचं काम झाल्याचा कागद फाइलीत सापडला. साखळीचे काका सकाळी सात वाजता बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, इंजिन थंड होतं. नळीत लाल पूड नाही. डिपस्टिक स्वच्छ. एसी कंडेन्सर थोडा खाल्लेला आहे, समुद्र जवळ, त्याचे पाच हजार कमी करून घेतले. मागच्या ब्रेकचे लायनर संपत आले होते, तेही त्यांनीच दाखवलं. गुरुजींनी किल्ली देताना एवढंच विचारलं, "कुणी वयस्कर माणूस बसणार आहे ना यात?" गाडी त्यांनीही आईसाठीच घेतली होती.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दिले आहेत, आरसी नावावर व्हायची वाट बघतोय.

काल चोर्ल्यातून बेळगावला जाऊन आलो. सहा माणसं, एसी चालू, धो-धो पाऊस, समोर धुकं. वळणावळणावर दुसरा गिअर, इंजिन ३,५०० ते ४,००० वर. सुरुवातीला आवाजाने मी दचकलो, मग तुमचं वाक्य आठवलं आणि ओरडू दिलं. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. घाटवाटदादा, डिझेलची ती खेच यात नाही हे मान्य, एका ट्रकमागे दहा मिनिटं जावं लागलं. पण मला घाई नव्हती. उतरताना तिसऱ्या-दुसऱ्यावरच आणली, ब्रेकला वास आला नाही. जाऊन-येऊन १३.८ चं अ‍ॅव्हरेज.

बाबा मधल्या रांगेत डाव्या बाजूला बसले, सीट मागे सरकवून पाय लांब करून. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा मी छत्री घेऊन त्यांच्या दाराशी पोचायच्या आत त्यांनी स्वतः दार उघडलं आणि उतरून उभे राहिले.

घाटवाट | ६ जुलै, रात्री ९:४५

अभिनंदन दादा. त्या ट्रकमागे दहा मिनिटं थांबलात ते बरं केलंत, पावसात चोर्ल्यात तेच करायचं.

साखळी_गॅरेज | ७ जुलै, सकाळी ६:४०

छान. आता माझं ऐका. ऑइल त्यांनी बदललं असलं तरी पुन्हा बदला, आपल्या हाताने बदलल्याची तारीख आपल्या वहीत हवी. गुरुजींची वही तशीच पुढे चालवा. पाऊस संपला की गाडी खालून धुऊन आणा, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करतो, ब्रेक कॅलिपरच्या पिना गोव्यात एका पावसात गंजून अडकतात. कंडेन्सर तेव्हाच बघू.

कवळेकर७ | ७ जुलै, सकाळी ७:०५

वही काल रात्रीच पुढच्या पानावर सुरू केली, काका. चवथीची धावपळ संपली की पहिल्याच रविवारी येतो. बाबाही येणार म्हणतात.